दोन अंगठे

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझंच पुस्तक आलं. अख्खं. १८४ पानांची पीडीएफ आणि खाली ओळ : ‘पुण्याच्या जुन्या हौदांबद्दल सुंदर माहिती. जरूर वाचा आणि पुढे पाठवा.’ पाठवणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा चेहरा नुसता फुलला होता.

“अहो ताई, तुमचं पुस्तक आलंय की! मी आमच्या पर्वतीच्या ग्रुपवरपण टाकलं.”

“काका, दुकानात तीनशेला मिळतं ते.”

“आता या वयात घरात आणखी पुस्तकं ठेवायची कुठे? आणि फुकट जातंय म्हणजे जास्त लोक वाचतायत. लेखकाला अजून काय हवं?”

भांडता आलं असतं, पण हातात त्यांनीच दिलेली आळूवडीची ताटली होती.

रात्री ती फाइल उघडून बघितली. पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, अर्धा कापला गेलेला. प्रकाशकाचा पत्ता आणि हक्कांची ओळ असलेलं पान नेमकं नव्हतं. आणि पान ६३ वर, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणाऱ्या भुयारी नळाचा मी महिनाभर खपून काढलेला नकाशा आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. आंबिल ओढ्याच्या बरोब्बर वर. नखाच्या कडेला निळी शाई.

त्या अंगठ्याचा राग आला, आणि लगेच दुसरा अंगठा आठवला.

याच पुस्तकासाठी मला एक जुनी पुस्तिका हवी होती. नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी पन्नासच्या दशकात पदरमोड करून छापलेल्या आठवणी. कोणत्या हौदाचं पाणी कधी बंद झालं, कोणत्या गल्लीत नळ फोडल्यावर काय निघालं, असं सगळं त्यात आहे. अप्पा बळवंत चौकात विचारलं तर दुकानदारांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर दोन वर्षं चकरा मारल्या. एका ग्रंथालयाच्या यादीत नाव होतं, पण कपाटात पुस्तक नव्हतं. शेवटी ती मिळाली इंटरनेट अर्काइव्हवर. कुणीतरी, कधीतरी, कुणालाही न विचारता चढवलेली. तिच्यातही एका पानावर अंगठा होता. त्या माणसाचे हात धरून आभार मानावेत असं मला तेव्हा वाटलं होतं.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हे दोन्ही अंगठे सारखेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखन त्याच्या किंवा वारसांच्या मालकीचं असतं. ते ओव्हरसियर १९७४ साली गेले. म्हणजे त्यांची पुस्तिका १ जानेवारी २०३५ ला मोकळी होणार. तोवर ती चढवणारा आणि माझं पुस्तक ढकलणारा, दोघंही हक्कभंग करणारेच. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आमच्या काकांना हे सांगितलं तर ते आळूवडी परत मागतील.

मला म्हणायचं आहे ते एवढंच की ‘फुकट वाटणं बरोबर की चूक’ हा प्रश्नच आपण उलटा धरला आहे. आधी विचारायला हवं : पुस्तक मिळतं का? दुकानात, प्रकाशकाकडे, ई-बुक म्हणून, कुठेही रीतसर पैसे देऊन मिळत असेल तर त्याची पीडीएफ फिरवणं म्हणजे लेखकाच्या खिशात हात घालणं. आणि कुठेच मिळत नसेल, वर्षानुवर्षं मिळत नसेल, तर ते वाटणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा लेखकाचं रक्षण करत नाही, फक्त वाळवीचं करतो.

पहिली बाजू आधी. लेखकाच्या खिशात किती असतं म्हणून त्यात हात घातल्याचं एवढं वाटावं? माझाच हिशेब सांगते. किंमत ३०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हजाराची आवृत्ती. ती पूर्ण विकली गेली तर ३०,००० रुपये. पुस्तकाला सहा वर्षं लागली, म्हणजे महिन्याला ४१६ रुपये झाले. त्यात झेरॉक्स आणि रिक्षाही भागत नाही. मराठीत लिहिणारे बहुतेक जण दुसऱ्या कशावर तरी पोट भरून लिहितात, हे उघड आहे. मग लोक म्हणतात, एवढेच मिळतात तर एवढ्यासाठी कशाला कुरकुर? पण आवृत्ती संपली की नाही, यावर दुसरी निघणार का हे ठरतं, आणि प्रकाशक पुढचं हस्तलिखित हातात घेणार का हेही. पन्नास जणांनी पीडीएफ वाचली याची नोंद कुठेच होत नाही. गोदामात चारशे प्रती पडून आहेत, ही मात्र पक्की नोंद असते.

‘फुकट फिरल्याने जाहिरात होते’ हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे. ज्याला हवं त्याने करावी अशी जाहिरात. लेखकांच्या परवानगीने विनामूल्य ई-पुस्तकं वाटणारं ई साहित्य प्रतिष्ठान आहे. गोष्टी कुणीही वाचाव्यात, भाषांतरित कराव्यात, छापाव्यात अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवणारं प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. आणि आपल्याच पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून अरविंद गुप्तांनी खेळणी आणि मुलांची पुस्तकं जगाला मोकळी करून दिली, त्यांच्या संकेतस्थळावरून मराठी पुस्तकं उतरवून घेणारे शिक्षक मी खेड्यांत पाहिले आहेत. हे सगळं दान आहे, आणि दान देणाऱ्याने द्यायचं असतं. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे गल्लीत वाटणाऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही.

सरकारी पैशांनी लिहून घेतलेल्या मजकुराबद्दल तर वाद घालण्यातही अर्थ नाही. त्याचे पैसे एकदा देऊन झालेले आहेत. बालभारतीने पाठ्यपुस्तकं आणि १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक नेटवर ठेवले, विश्वकोश मोकळा झाला, उत्तमच झालं. बाकीच्या मंडळांनी तेच करावं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त छळते.

साठ वर्षं हा आकडा आला कुठून? मेकॉलेचं नाव आपण शिक्षणाच्या संदर्भात शिव्या द्यायला काढतो. पण १८४१ साली ब्रिटिश संसदेत, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क द्यावेत असा प्रस्ताव आला तेव्हा तो हाणून पाडणारं भाषण याच मेकॉलेचं होतं. त्याचं म्हणणं असं की कॉपीराइट म्हणजे लेखकांना बक्षीस देण्यासाठी वाचकांवर बसवलेला कर. तो गरजेपुरता असावा, एका दिवसानेही जास्त नको. शिवाय वारस पुस्तक दाबून ठेवतील ही भीतीही त्याने बोलून दाखवली होती. मेकॉलेला नको होती ती ६० वर्षं आपण स्वतंत्र भारतात आणली. १९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतर ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. ते त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारतीकडे आणखी राहावेत म्हणून घाईने वटहुकूम निघाला, पुढे १९९२ साली दुरुस्ती झाली आणि सगळ्यांच्याच लेखनाला दहा वर्षं जास्तीचं कुलूप लागलं. एका महाकवीसाठी बंगालपासून पुण्यापर्यंतच्या सगळ्या कपाटांना.

त्याचा परिणाम बघा. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या हिशेबाने त्यांची पुस्तकं २००१ ला मोकळी झाली असती, ती झाली २०११ ला. आज ‘श्यामची आई’च्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दिसतात, त्यातल्या काही अगदी स्वस्त. त्याने श्यामच्या आईचं काही बिघडलं का? मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर दोघंही १९५६ चे, त्यांचं हयातीत छापलेलं लेखन २०१७ पासून सर्वांचं. ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली गेले, म्हणून त्यांचा ज्ञानकोश आज घरबसल्या चाळता येतो. एरवी ते जाड खंड हलवायलाच दोन माणसं लागायची.

पण ही मोठी नावं. ती कुणीतरी छापतंच. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांचं लेखन २०६० च्या अखेरपर्यंत हक्कात आहे आणि माझी त्याबद्दल काडीची तक्रार नाही, कारण पुलंचं पुस्तक अप्पा बळवंत चौकात डोळे मिटून हात घातला तरी मिळतं. तक्रार आहे ती त्याच वर्षी गेलेल्या, नाव विस्मरणात गेलेल्या एखाद्या शाळामास्तरांबद्दल. त्यांनी आपल्या तालुक्यातल्या शेतीच्या अवजारांवर एक पुस्तक लिहिलं असेल, प्रकाशन कधीच बंद पडलं, मुलगा परदेशात, आणि एकमेव प्रत वाचनालयाच्या माळ्यावर. त्यांनाही २०६० पर्यंतचंच कुलूप. फरक एवढाच की पुलंच्या कुलपाची किल्ली कुणाकडे तरी आहे.

कायदा अगदीच आंधळा आहे असंही नाही. ज्याचा हक्कधारक सापडत नाही असं पुस्तक छापायचं असेल तर परवाना मागण्याची सोय कलम ३१ अ मध्ये आहे. सोय वाचून मला हसू आवरेना. अर्ज करण्याआधी जाहिरात द्यायची, देशाच्या बऱ्याच भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. म्हणजे सासवडच्या मास्तरांचे वारस शोधायला इंग्रजी पेपर. मराठी पेपरातही द्यायची, पण मराठी भाषांतर छापायचं असेल तरच! पूर्वी हे अर्ज कॉपीराइट मंडळाकडे जायचे, मग ते काम अपील मंडळाकडे गेलं, २०२१ साली ते मंडळही बरखास्त झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. दोनशे प्रतींच्या पुस्तकासाठी वकील लावायला कोण जाणार?

उलट त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक ओळ अशी आहे की तिच्यावरून माझं म्हणणं कायद्याला परकं नाही हे कळावं. जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःसाठी करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी भर घातली : ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिचं डिजिटल रूप साठवता येतं. म्हणजे ‘मिळतं का’ हा प्रश्न कायद्याने स्वतःच विचारला आहे. फक्त उत्तर ग्रंथालयाच्या दारापाशी अडलं आहे. जतन करा, पण वाचकाला घरी वाचू देऊ नका. लोणचं घालून बरणी उघडायचीच नाही, असला प्रकार.

पुण्यात तर ही बरणी गल्लोगल्ली आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तकं स्कॅन करून खुली केली, त्यावर कितीतरी प्रबंध उभे राहिले. पण असं काम करणाऱ्यांना हक्काच्या मुदतीतलं पुस्तक आलं की हात आखडावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे एक चमत्कारिक भोक पडलं आहे. १९३० चं मराठी नेटवर सहज वाचता येतं, आजचं मराठी दुकानात आहे, आणि मधलं, साधारण पन्नास ते नव्वदच्या दशकातलं, ज्यात धरणं झाली, गिरण्या बंद पडल्या, नवी माणसं लिहू लागली, ते निम्मंअधिक रद्दीत.

नॉर्वेने हे भोक बुजवलं. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हक्कधारकांच्या संघटनेशी करार केला, दर पानामागे मोबदला द्यायचं ठरवलं, आणि २००० सालापर्यंतची नॉर्वेत छापलेली पुस्तकं देशातल्या वाचकांसाठी नेटवर उघडली. ज्या लेखकाला किंवा प्रकाशकाला नको असेल त्याने पुस्तक काढून घ्यावं, ही मुभाही ठेवली. नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, आपल्या एका पुणे जिल्ह्याहून कमी. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. २०२४ च्या ऑक्टोबरात भाषा अभिजात ठरली, फटाके वाजले. त्या अभिजाततेतला थोडा निधी असल्या करारावर खर्च करायला कुणी अडवलेलं नाही.

प्रकाशक मित्रांची शंका मला माहीत आहे. ‘मिळत नाही’ हे ठरवणार कोण? आणि आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, तर पुस्तक ‘संपलं’ असं कधीच होणार नाही. उत्तम! मग पुस्तक मिळतंय, वाचक पैसे देतोय, लेखकाच्या घरी रॉयल्टी जातेय. मला तरी दुसरं काय हवं आहे? अडचण आहे ती छापतही नाही आणि सोडतही नाही अशा माणसाची. एक शंका मात्र खरी आहे : लेखक हयात असेल आणि स्वतःचंच जुनं पुस्तक त्याला नकोसं झालं असेल, तर? त्याचं ऐकावं. विशीत छापलेल्या माझ्या कवितांचा संग्रह कुणी शोधून काढू नये असं मलाही वाटतं.

यात लेखकांचा गाढवपणाही कमी नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी कागद झालाच नव्हता. चहा झाला, “आपल्यात कसला करार?” झालं, आणि पुढे त्यांनी तेच पुस्तक कुणाला तरी ऑडिओसाठी दिलं ते मला एका वाचकाकडून कळलं. कायदा सांगतो की लेखी आणि सहीनिशी नसेल तर हक्क दुसऱ्याकडे जातच नाहीत. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरायची, आणि घेणाऱ्याने हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, कागदावर वेगळं ठरलेलं नसल्यास, तेवढ्यापुरते ते रद्द होतात. हे कलम १९ मला पन्नाशीत कळलं. त्याआधी मी कॉपीराइटवर दोन परिसंवादांत तावातावाने बोलून आले होते.

आणि नावाचं काय? पैशांचं एकवेळ सोडून देते. ‘कवी माहीत नाही, पण सुंदर लिहिलंय’, ‘व्हॉट्सॲपवरून साभार’ या दोन ओळींनी मराठीचं जेवढं नुकसान केलं तेवढं पीडीएफने केलं नसेल. कुणाच्याही विनोदाखाली पुलं, कुणाच्याही कवितेखाली कुसुमाग्रज. आपल्या परंपरेत लेखन फुकटच फिरायचं, असं सांगणारे संतांचा दाखला देतात. बरोबर आहे, अभंगाला किंमत नव्हती. पण शेवटच्या चरणात नाव होतं : तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. गाणाऱ्याला ते गाळता येत नसे, गाळलं तर चाल लंगडायची. आणि दुसऱ्याचं काव्य आपलं म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोवर खुद्द तुकोबांनी गाथेत कोरडे ओढले आहेत. देहूच्या वाण्याला रॉयल्टी नको होती, पण नाममुद्रा सोडायला तोही तयार नव्हता. कायद्यानेही नावाचा हक्क पैशाच्या हक्कापासून वेगळा ठेवला आहे : पुस्तकाचे सगळे हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे लेखकाचं नाव लेखकाचंच राहतं.

काकांना मी यातलं एवढंच सांगितलं की पुढे पाठवायचंच असेल तर ते गायब झालेलं पान जोडून पाठवा. ते म्हणाले, “असं होय? मला वाटलं तुम्हीच काढलं असेल.” आठवड्याने त्यांनी दोन प्रती विकत आणल्या, एक भाच्याला द्यायला. दुसरीवर माझी सही घेतली.

त्या ओव्हरसियरांची नात नाशिकला असते, हे फार उशिरा कळलं. फोन केला तर आजोबांनी पुस्तक लिहिलं होतं हेच तिला माहीत नव्हतं. लिंक पाठवली. तिने तासाभराने उलट फोन केला आणि विचारलं की त्या अंगठ्याचं पान सोडून बाकीचं छापून घेता येईल का.

आता माझं नवं पुस्तक तयार आहे. या वेळी करार मीच टाइप करून नेला आणि त्यात एक कलम घातलं : ‘पुस्तकाची छापील किंवा ई-प्रत सलग दोन वर्षं विक्रीस उपलब्ध नसल्यास सर्व हक्क लेखिकेकडे परत येतील व मजकूर नावासह कोणासही विनामूल्य वाचण्यास, वाटण्यास मुभा राहील.’ प्रकाशकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, कागदाची घडी करून टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाले, “बघू. चहा घेणार ना?”